कलकत्त्यात उतरायचं कुणाकडे

कलकत्ता मी चांगलं ओळखते. श्यामबाजारचं कलकत्ता म्हणजे कमरेच्या खाली बसवलेला नळ. त्याच्याखाली पातेलं मावत नाही, तिरकं धरून भरावं लागतं. बालीगंजचं कलकत्ता म्हणजे चकचकीत काळा ओटा, पण शेगडीची डावी बाजू काडी लावल्याशिवाय पेटत नाही आणि काडेपेटी कुठे आहे ते घरात कुणालाच माहीत नसतं. व्हिक्टोरिया मेमोरियल मी दोनदा पाहिलं, दोन्ही वेळा बसच्या खिडकीतून. लग्न होऊन मालद्याला आल्यापासून दरवर्षी एकदा तरी कलकत्त्याला जातेय, आणि परत आल्यावर शेजारणी विचारतात, "काय काय बघितलंत?" तर खरं उत्तर एकच आहे. ओटे.

याचं कारण आमच्या लाहिडी घराण्याचा कायदा. तो कुठे लिहून ठेवलेला नाही, म्हणून त्यातून पळवाटही काढता येत नाही. ज्या गावात आपलं माणूस आहे, त्या गावात हॉटेलात उतरायचं नाही. हॉटेलात कोण उतरतं? ज्याला कुणी नाही तो, ज्याचं कुणाशी पटत नाही तो, आणि ज्याला काही लपवायचंय तो. आमची तर कलकत्त्यात सख्खी दोन घरं. नवऱ्याची थोरली बहीण श्यामबाजारला. तिला सगळे बडदी म्हणतात. आणि धाकटा दीर मानस बालीगंजला, फ्लॅटमध्ये. या दोघांचं एकमेकांशी बोलणं नाही. सासूबाईंच्या श्राद्धानंतरच्या जेवणात रोहू करायचा की कातला, यावरून जे बिनसलं ते आजतागायत. मासा कधीच पचला, भांडण अजून पचलेलं नाही.

दर वर्षी ज्येष्ठ महिना लागला की दोन्हीकडून फोन येतात. आधी विचारतात, "यंदा हिमसागर कसा आहे?" मालद्याच्या माणसाची तब्येत कलकत्त्याचा माणूस आंब्यावरूनच विचारतो. मग ठरलेलं वाक्य येतं. "आमच्याकडेच उतरायचं हं! दुसरीकडे उतरलात तर माझं मेलेलं तोंड बघाल." असं म्हणावंच लागतं. ऐकणाऱ्याने तीनदा नाही म्हणायचं आणि चौथ्यांदा हो म्हणायचं, हेही ठरलेलं. यात खरंच कुणाला कोण हवंय, हे विचारण्याची आपल्यात पद्धत नाही. विचारलं असतं तर निम्म्या बंगालला सुखाची झोप लागली असती.

मी पोचायचे तेव्हा ओट्यावर केळफूल वाट बघत असायचं. दोन्ही घरांत. "बौच्या हातचं केळफुलाचं घोंटो म्हणजे..." असं म्हणून पुढे नुसते डोळे मिटायचे. बौ म्हणजे सून, म्हणजे मी, आणि घोंटो म्हणजे मसाल्यात परतलेली सुकी भाजी. सुनेची तारीफ सुरू झाली की समजावं, दुपार गेली. केळफूल साफ करणं काय असतं ते ज्या बाईने केलंय तिलाच ठाऊक. हाताला तेल चोळा, एकेक पाकळी सोलून काढा, एकेका बारक्या फुलातला तो कडक दांडा उपटा, शिवाय ते पापुद्र्यासारखं असतं ते वेगळं. बाजारात हल्ली चिरलेलंसुद्धा मिळतं, पण त्याला म्हणे चव नसते. माझ्या बोटांचा काळा डाग मात्र मालद्याला परत आल्यावरही आठवडाभर टिकायचा.

एवढं करून संध्याकाळी मी चहा ठेवायचे. बडदी पहिला घोट घ्यायची, कप खाली ठेवायची आणि म्हणायची, "बौ, हा चहा आहे की बशी विसळलेलं पाणी?" दर वर्षी. हेच वाक्य, याच सुरात.

यंदा नवऱ्याचं डोळे तपासायला जायचं निघालं. त्यांना काचबिंदू आहे. डोळ्यांत औषध घातलं की अर्धा दिवस सगळं धूसर दिसतं, बरोबर माणूस लागतं. तसं औषध न घालताही त्यांना घरातलं बरंच काही दिसत नाही, पण त्यावर डॉक्टरांकडे इलाज नाही.

"तिकिटं काढतो," ते म्हणाले. "बडदीला कळवू ना?"

"मी येत नाही."

"म्हणजे? मग मला धरून कोण नेणार?"

"हॉटेलात उतरणार असाल तर येते."

त्यांनी हातातलं वर्तमानपत्र खाली ठेवलं. मी कुणाबरोबर पळून जाते म्हटलं असतं तरी त्यांचा चेहरा इतका पडला नसता. "हॉटेलात? सख्खी बहीण असताना? अगं, लोक काय म्हणतील?"

"लोक केळफूल चिरायला येतात का?"

"हे केळफूल मध्येच कुठून आलं?"

बघा. म्हटलं ना, दिसत नाही. मग मी त्यांना सरळ सांगितलं. मला एकच हवंय. कलकत्त्यात सकाळी जाग यावी आणि चहा कुणीतरी आणून द्यावा. आणून देणाऱ्याच्या आईची तब्येत मला विचारायला लागू नये, आणि त्याने माझ्या हातचं काही मागू नये. बाकी मला साडी नको, सोनं नको. एवढं होत नसेल तर भिंत धरून जा दवाखान्यात.

दोन दिवस त्यांनी तेच वर्तमानपत्र पुन्हा पुन्हा वाचलं. तिसऱ्या दिवशी ते शेजारच्या भादुडीबाबूंना घेऊन आले आणि कलकत्त्याचा नकाशा जेवणाच्या टेबलावर पसरला.

भादुडीबाबू रेल्वेतून निवृत्त झालेत, त्यामुळे त्यांना भारतातल्या सगळ्या गावांविषयी वाईट माहिती आहे. "सियालदहला ढेकूण," ते म्हणाले. "पार्क स्ट्रीटला दारुडे, कालीघाटला पंडे. विमानतळाजवळ उतराल तर रात्रभर उशीवरून विमानं जातात."

"ते जाऊ द्या," नवरा म्हणाला. "आम्ही कुणाला दिसणार नाही असं सांगा."

भादुडीबाबूंनी माझ्याकडे असं बघितलं की जणू आम्ही दरोडा घालायला चाललोय. पण मग त्यांना चेव चढला. दवाखान्याच्या जवळ काय, स्वस्त काय, स्वच्छ काय, हे कुणी विचारलंच नाही. बडदी रोज सकाळी बागबाजारच्या घाटावर गंगास्नानाला जाते, म्हणून उत्तर कलकत्ता बाद. मानसची कचेरी डलहौसीला, तो भाग बाद. मानसची बायको रूपसा एक दिवसाआड गडियाहाटला साड्या बघायला जाते, घेत नाही, नुसती बघते, म्हणून दक्षिण बाद. बडदीचा मुलगा बुबाई सॉल्ट लेकला नोकरीला, पूर्व बाद. पश्चिमेला हुगळी नदी. एवढं अफाट शहर, आणि लाहिडींना तोंड लपवायला त्यात एकच गल्ली उरली. न्यू मार्केटच्या मागची. तिथे ढाक्याहून, खुलन्याहून औषधपाण्याला आणि लग्नाच्या खरेदीला आलेली माणसं उतरतात.

"तिथे कलकत्त्याचा माणूस मेला तरी उतरायचा नाही," भादुडीबाबूंनी छातीठोकपणे सांगितलं. त्यांचं आजवर एकही भाकीत खरं ठरलेलं नाही, हे तेव्हा माझ्या लक्षात यायला हवं होतं.

मग नवऱ्याने 'पद्मातीर' नावाच्या हॉटेलात फोन लावला. मालक मूळचे कुठले, घरात वडीलधारं कोण आहे, उतरणारी माणसं घरंदाज असतात का, शेजार कसा आहे. शेवटी पलीकडचा मॅनेजर वैतागला. "दादा, तुम्हाला खोली हवीय की सोयरीक करायचीय?"

फोन ठेवून नवरा आनंदाने माझ्याकडे वळला. "काम फत्ते! अशी खोली मिळालीय, तू खूश होशील. खोलीला जोडून स्वयंपाकघर आहे! गॅस, भांडी, पाटा-वरवंटासुद्धा. पेशंटची माणसं करून खातात ना. अगदी घरच्यासारखं!"

मी नुसती बघत राहिले. त्यांनी मुकाट्याने पुन्हा फोन लावला आणि दुसरी खोली घेतली.

राहिलं खोटं बोलायचं काम. ते सोपं होतं, कारण मानस आणि बडदीचं बोलणं नव्हतं. नवऱ्याने बडदीला कळवलं, "यंदा दोघंही मानसकडे उतरतोय, तो हट्टच धरून बसलाय." बडदी म्हणाली, "अरेरे, आणि मी इथे सगळी तयारी केलेली!" पण त्या 'अरेरे'च्या आधी तिने जो श्वास सोडला, तो कुकरचं झाकण उघडावं तसा मला इकडे ऐकू आला. मग मानसला सांगितलं, बडदीकडे उतरतोय. मानस म्हणाला, "काय हे दादा! रूपसा तर रडेलच." मागे रूपसा गाणं गुणगुणत होती.

अशा रीतीने दोन्ही घरांना दुःखात लोटून आम्ही आंब्यांच्या दोन टोपल्या घेऊन सकाळी सियालदहला उतरलो. आणि जन्मात पहिल्यांदा मी टॅक्सीवाल्याला हॉटेलचं नाव सांगितलं. नवरा तोंडावर रुमाल धरून बसला होता.

खोली छोटीच होती. खिडकीतून समोरच्या इमारतीची मागची बाजू दिसायची आणि तिथे कुणाच्या तरी लुंग्या वाळत घातलेल्या. पण ओटा नव्हता. मी न्हाणीघराचं दार उघडून पाहिलं, कपाट उघडून पाहिलं, कुठेच ओटा नव्हता. तो पहिला दिवस दवाखान्यातच गेला. नवऱ्याला दंड धरून नेलं, दंड धरून आणलं. काचबिंदू वाढला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारावर टकटक झाली. मन्नानभाई नावाचे, पिकलेल्या दाढीचे गृहस्थ चहाचा ट्रे घेऊन उभे होते. त्यांनी ट्रे ठेवला, "आणखी काही?" म्हणाले आणि गेले. मी पलंगावर मांडी घालून बसले आणि तो चहा प्यायले. खरं सांगायचं तर चहा भिकार होता. बशी विसळलेलं पाणीच. पण तो मी केलेला नव्हता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. नवऱ्याने विचारलं, "काय झालं?" म्हटलं, "काही नाही. गरम आहे."

नंतर त्यांना मी बडदीसाठीची आंब्यांची टोपली घेऊन श्यामबाजारला पाठवलं. टोपली न देऊन चालणार नव्हतं. ज्येष्ठात मालद्याचा माणूस कलकत्त्यात येऊन आंबे न देता गेला, तर तो मेला असंच समजतात. "बौ बालीगंजला रूपसाबरोबर आहे म्हणा," मी त्यांना पढवून ठेवलं आणि पुन्हा आडवी झाले. भर सकाळी आडवं होण्यात काय सुख असतं हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं.

तासाभरात ते परत आले. घामाने निथळत, टोपलीशिवाय, चेहरा पांढरा पडलेला.

"अगं, घात झाला! बडदी मालद्याला गेली!"

मी ताडकन उठून बसले. "कुठे?"

"आपल्या घरी! बुबाईने दार उघडलं. म्हणाला, 'मामा, आई परवाच गेली की मालद्याला. तुम्ही डोळ्यांसाठी एकटे येणार, मामी तिथे एकटी राहणार, म्हणून सोबतीला गेली.' मी काय बोलणार? हो हो म्हटलं आणि निघालो. अगं, आपल्या घराला कुलूप आहे! सत्तरीची बाई, या उन्हात, दारात बसली असेल! फोनही बंद आहे तिचा."

लाज वाटते सांगायला, पण पहिला विचार आला तो असा की झालं, संपलं माझं हॉटेल. एक चहा प्यायले, तेवढाच नशिबात होता. आता संध्याकाळच्या गाडीने परत. मी बॅग ओढून कपडे भरायला लागले. नवऱ्याने भादुडीबाबूंना फोन केला. भादुडीबाबू आमच्या दारापर्यंत जाऊन आले. दारात कुत्रं झोपलेलं होतं, बडदी नव्हती. परवाही कुणी आलं नव्हतं.

साडीची घडी हातात धरूनच मी थांबले. "अहो, बडदीला तुम्ही काय सांगितलं होतं? आपण दोघं येणार म्हणून ना?"

"हो. दोघंही मानसकडे."

"मग मी मालद्यात एकटी नाही, हे तिला ठाऊक होतं."

"वयाने विसरली असेल."

"बडदी? लग्नाच्या वर्षी माझ्या हातून फुटलेली बशी ती अजून विसरलेली नाही. ती मालद्याला गेलेलीच नाही. बुबाईशी खोटं बोललीय."

"खोटं? माझी बहीण? आमच्या घरात कुणी खोटं बोलत नाही!" हे वाक्य ते हॉटेलच्या खोलीत उभे राहून म्हणाले. मग त्यांच्याच ध्यानात आलं आणि ते खाली बसले. "पण मग ती गेली कुठे? दोन दिवस झाले गं."

"पोलिसांत जा."

ते दारापर्यंत गेले आणि थबकले. "पोलीस विचारतील, तुमचा मुक्काम कुठे?"

"मग?"

"मग ते बुबाईला सांगतील. मानसलाही कळेल." ते अस्वस्थ होऊन दाराची कडी चाचपत राहिले. "थोडा वेळ वाट बघू या का?"

हे असं असतं. सख्खी बहीण दोन दिवस बेपत्ता, आणि आमच्या घराण्याला काळजी कसली, तर आपण हॉटेलात सापडू याची. माझं डोकंच फिरलं. "उठा! तुम्ही जात नसाल तर मी जाते," म्हणत मी दार उघडलं आणि त्याच क्षणी बाहेरच्या बोळातून आवाज आला.

"हा चहा आहे की बशी विसळलेलं पाणी? परत न्या! आलं घाला, उकळा, आणि मग आणा!"

माझा हात आपोआप पदर सावरायला गेला. इतक्या वर्षांची सवय. पदर नव्हता, मी मॅक्सीत होते. पलीकडच्या तिसऱ्या दारात मन्नानभाई ट्रे घेऊन उभे, आणि त्यांच्यासमोर, केस मोकळे सोडलेली, फुलाफुलांच्या मॅक्सीतली बडदी.

आम्ही दोघींनी एकमेकींना आजवर कडक इस्त्रीच्या साडीशिवाय पाहिलं नव्हतं.

बडदीच आधी सावरली. "तू बालीगंजला आहेस ना?"

"तुम्ही मालद्याला आहात ना?" मी म्हटलं.

मन्नानभाईंनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि "दोन चहा आणतो, आलं घालून," म्हणत जिन्याकडे पळाले.

भावाबहिणीची भेट बघण्यासारखी झाली. नवरा म्हणाला, "बडदी, तू हॉटेलात? श्यामबाजारला स्वतःचं घर असताना?" बडदी म्हणाली, "आणि तू? सख्खी बहीण असताना?" दोघंही एकमेकांवर असे खवळले की कोण कुणाला पकडतंय तेच कळेना. लपायला गल्ली एकच कशी निवडली, याचं मला मात्र नवल वाटलं नाही. बडदीनेही तेच केलं होतं. मानस कुठे जातो, रूपसा कुठे जाते, बुबाई कुठे जातो, एकेक भाग खोडत आली आणि इथे पोचली. एका आईची लेकरं, डोकीही एकाच साच्यातली.

ती आमच्या पलंगावर येऊन बसली. चहा आला. तिने घोट घेतला, तोंड वाकडं केलं, पण प्यायली.

"तुला वाटत असेल म्हातारीला चळ लागला," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "बुबाई आणि त्याची बायको टुम्पा, दोघंही नोकरीला. मी म्हणजे घरातली पडीक बाई. सकाळी पाचला दूधवाला, मग डबे, मग कामवाली आली का, मग गॅसवाला, मग पाहुणे. मालद्याचे, बर्दवानचे, टुम्पाच्या माहेरचे. श्यामबाजारचं घर स्टेशनजवळ, सगळ्यांना सोयीचं. तू येतेस तेव्हा तुला वाटतं, बडदी कशी खुर्चीत बसून हुकूम सोडते. अगं, तुझ्या आधी चार दिवस मी चादरी धुतलेल्या असतात. आणि तू गेल्यावर पुन्हा धुते."

"मग उतरायचा आग्रह का करता?"

"म्हणजे काय? म्हणावंच लागतं."

"आणि चहाला नावं ठेवता ते?"

बडदीने कप बशीत ठेवला. "सगळा दिवस तू राबायचीस. तुला 'बस जरा' म्हणायचं माझ्या मनात यायचं. पण तू बसलीस तर उठावं मला लागणार. म्हणून काहीतरी बोलायचे." ती हसली. "आमच्या सासूबाई मला हेच म्हणायच्या. बशी विसळलेलं पाणी."

मला तिचा राग यायला हवा होता. वर्षानुवर्षं जपून ठेवलेला राग, असा ऐनवेळी दगा देईल असं वाटलं नव्हतं. तिच्या हाताकडे पाहिलं, तर बोटांच्या पेरांवर तोच केळफुलाचा काळा डाग.

तेवढ्यात नवऱ्याचा फोन वाजला. बुबाई. मी खुणेने सांगितलं, मोठ्याने लावा. आईचा फोन दोन दिवस बंद आहे. लेकराच्या जिवाला घोर लागला असेल. बडदीने कप खाली ठेवला आणि मॅक्सीची बाही नीट केली, जणू तो तिला बघणार होता.

"मामा, मामीला जरा फोन करून विचारा ना, आई कधी येतेय," बुबाई म्हणाला. "रविवारी टुम्पाच्या ऑफिसातली माणसं जेवायला येतायत. आईने केळफुलाचं घोंटो करायचं ठरलंय, मी केळफूल आणूनसुद्धा ठेवलंय. दोन आणलीत. काळी पडायला लागलीत इथे. आणि तिला विचारा, मोठी कढई कुठे ठेवलीय?"

बडदी पुढे झुकून ऐकत होती. पोचली का, प्रवासात त्रास झाला का, असं काहीतरी येईल म्हणून. बुबाईने फोन ठेवला.

"माळ्यावर आहे कढई," बडदी हळूच म्हणाली. "त्याला सापडायची नाही." मग गुडघ्यावर हात टेकून उठली. "जाते मी. रविवारची माणसं यायचीत. दोन दिवस मिळाले, पुष्कळ झाले."

मी माझी बॅग उलटी करून सगळे कपडे पलंगावर ओतले आणि रिकामी बॅग नवऱ्यासमोर ठेवली.

"भरा."

"काय भरू?"

"तुमचे कपडे. श्यामबाजारला जायचंय तुम्हाला. आज, आता."

"मी? मी तिथे जाऊन काय करू?"

"आपलं माणूस ज्या गावात आहे तिथे हॉटेलात उतरायचं नाही," मी म्हटलं. "तुमच्याच घराण्याचा कायदा आहे ना? कुणीतरी पाळायला नको? बुबाईला सांगा, डोळ्यांचं काम आटोपलं, आता चार दिवस भाच्याकडे राहतो. आई मालद्याला आहे, मामी तिला रविवारपर्यंत सोडायला तयार नाही."

"आणि विचारलं, का सोडत नाही?"

"सांगा, मामीला तिच्या हातचा चहा आवडतो."

ते आशेने बडदीकडे बघायला लागले. बडदीने खिडकीबाहेरच्या लुंग्यांकडे तोंड फिरवलं. मग त्यांनी शर्ट भरले, डोळ्यांच्या औषधाची बाटली भरली, आणि दारात उभे राहून म्हणाले, "लोक काय म्हणतील गं?" मी दार उघडून धरलं. ते गेले. त्यांना हॉटेलातून बाहेर पडताना बघितलं मी. पुन्हा तोंडावर रुमाल होता.

बडदीने तिची खोली सोडून सामान इकडे आणलं. दुपारी मन्नानभाईंनी भात, डाळ आणि कोळंबी आणली. बडदीने डाळीत मीठ कमी म्हणून परत पाठवली. नव्याने आली तेव्हाही मीठ तेवढंच होतं, पण ती समाधानाने जेवली. मी विचारलं, उद्या व्हिक्टोरिया बघायला येता का? म्हणाली, "आतून मीही नाही बघितलं गं. जन्म गेला इथे."

आम्ही लवंडलो होतो, तेवढ्यात माझा फोन वाजला. नवरा. आवाज अगदी दबका, ओट्यापाशी उभा राहून बोलणाऱ्या माणसाचा.

"अगं, बुबाई आणि टुम्पा कामावर गेलेत. म्हणाले, मामा, तुम्ही घरीच आहात तर रविवारसाठी एवढं करून ठेवाल का... ते केळफूल गं. दोन आहेत. हे कसं चिरायचं?"

मी फोन मोठ्याने लावून दोघींच्या मध्ये पलंगावर ठेवला.

"हाताला तेल लावा," मी म्हटलं.

"लावलं. मग?"

"एकेक पाकळी काढा. प्रत्येक पाकळीखाली फुलांचा झुबका असतो. प्रत्येक फुलातला कडक दांडा उपटायचा."

"प्रत्येक?" पलीकडे पाकळी सोलल्याचा आवाज आला. "अगं, ही तर शेकडो आहेत! तू हे दर वर्षी..."

पुढचं वाक्य त्यांना सापडलं नाही. मीही मदत केली नाही. फोनमधून नुसता त्या कमरेखालच्या नळाचा थेंब थेंब आवाज येत राहिला.

बडदी फोनकडे झुकली. बुबाई घरी असता तर तिच्या आवाजाने सगळंच बिंग फुटलं असतं, पण नळासमोर उभं राहून तिचा भाऊ एकटाच ऐकत होता.

"पापुद्राही काढ रे," ती म्हणाली. "नाहीतर घशाला लागतो."

मग तिने फोन बंद केला, उशी पाठीशी घेतली आणि मला म्हणाली, "बौ, तू बस. मी सांगते चहा."